सोड म्हणायचं राहिलं

ज्याला हे खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा मावसभाऊ आहे, आणि शेवटचा थोडा भाग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. तो पाहिला नसता तर मीही सगळं हसण्यावारी नेलं असतं.

आणि एक सांगतो. ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, मसणवट नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला एक गुरुवार, भर दुपार, बारा ते तीनच्या मधला वेळ. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात त्या वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही.

गाव मोताळ्यापासून सात-आठ किलोमीटरवर. नाव लिहीत नाही, कारण घर अजून तिथेच आहे.

गाडीही तिथेच आहे.

मावसभावाचं नाव भागवत. मोताळ्यात त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं छोटं दुकान आहे. हाताला भारी कसब. पंखा, मिक्सर, पंप, जे समोर येईल ते खोलणार आणि चालू करूनच उठणार. त्याचा त्याला थोडा माजही होता. "मिस्त्री कायले पाह्यजे? माह्ये हात तुटले काय?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्याचे वडील कारभारीकाका. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी बुलढाण्याला डायलिसिस. म्हणजे आठवड्यातून दोनदा राजूरचा घाट चढायचा आणि उतरायचा. एसटीत काकांचे हाल व्हायचे. म्हणून भागवतने देऊळगाव राजाच्या हिंमतराव नावाच्या माणसाकडून एक जुनी गाडी घेतली. पांढरी, छोटी, वीस वर्षांची. पत्र्याच्या खड्ड्यांत चार ठिकाणी लांबी भरलेली, मागचा एक दरवाजा आतून उघडतच नव्हता.

पण चालायची. आणि बिघडली की भागवत मोबाइलवर व्हिडिओ लावून बसायचा. सेल्फ त्याने घरी काढून बसवला. रेडिएटरचा पाइप घरी बदलला. शेजारचं कुणी ना कुणी गप्पा मारत सोबतीला असायचंच. तोवर काही म्हणजे काही झालं नव्हतं.

मग त्या सोमवारी सकाळी गाव सोडता सोडताच ब्रेकचं पेडल पोकळ गेलं. पाय थेट खाली. गाडी नाल्याच्या कठड्याला घासून थांबली. मागच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑइल गळत होतं.

सोमवारचं डायलिसिस हुकलं.

ब्रेकला भागवतने तोवर कधी हात लावला नव्हता. गावातला गोकुळ मिस्त्री म्हणाला, गुरुवारी सकाळी येतो, तासाभराचं काम आहे. भागवतने बुलढाण्याहून नवं सामान आणून ठेवलं. गुरुवारी दुपारी चारची वेळ मिळाली होती. कसंही करून चारच्या आत पोचायचं होतं.

गुरुवार उजाडला. गोकुळ आला नाही.

त्या दिवशी गावातल्या मोठ्या घरचं लग्न होतं, तेही थेट देऊळगाव राजाला. पहाटेच सगळं वऱ्हाड निघून गेलेलं. जीप गेल्या, ऑटो गेले, टेम्पोसुद्धा गेला. एका जीपवर ड्रायव्हर म्हणून गोकुळच गेला होता. गावात उरली म्हातारी माणसं आणि बांधलेली ढोरं. भागवत दारोदार फिरून आला. सगळीकडे कुलपं.

तोवर काकांचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून भिंतीला टेकून बसवलं होतं. श्वास घेताना छातीतून हुक्क्यासारखा आवाज यायचा.

अॅम्ब्युलन्सला फोन केला. गाडी पेशंट घेऊन अकोल्याला गेली होती. यायला तीन तास तरी लागतील म्हणाले. मोटरसायकल होती, पण काकांना धड बसता येत नव्हतं तर मोटरसायकलवर कसं नेणार?

भागवतने अंगातला शर्ट काढून फेकला आणि पान्याची पिशवी घेऊन अंगणात आला. मी विचारलं त्याला, त्या वेळी डोक्यात काय होतं. तो म्हणतो, "काईच नव्हतं. बाबाचा तो आवाज कानात व्हता. बस."

बारा वाजले होते.

गळकं सामान काढून नवं बसवणं त्याला सहज जमलं. खरं काम पुढे होतं. ब्रेकची हवा काढायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल पोकळ जातं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकापाशी निजून पान्याने निपल, म्हणजे चाकामागची छोटी तोटी, उघडायचं, की हवा आणि ऑइल बाहेर येतं. निपल पुन्हा आवळलं की तो ओरडतो, सोड. तेव्हाच पेडलवरचा पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा परत आत, आणि सगळी मेहनत पाण्यात. असं चारही चाकांचं करायचं.

भागवतने वंदनाला बोलावलं. वंदना म्हणजे त्याची बायको. ती सीटवर बसली. उजव्या काचेतून ऊन थेट अंगावर येत होतं, म्हणून तिने टॉवेल ओला करून काचेच्या फटीत अडकवला आणि दार ओढून घेतलं. भागवत मागच्या डाव्या चाकापाशी निजला. दवाखान्यातून आणलेली सलाइनची नळी त्याने निपलला लावली होती, खाली पाण्याची रिकामी बाटली.

"दाब!"

"दाबलं."

"धर... सोड."

दोन-तीनदा नीट झालं. नळीतून बुडबुडे निघू लागले. मग घरातून काकांच्या खोकल्याची उबळ ऐकू आली, आणि वंदनाचा पाय उचलला गेला. निपल उघडंच होतं. बाटलीतली हवा सर्रकन वर चढली.

भागवत ताडकन उठला. तो बायकोवर आवाज चढवणारा माणूस नाही. पण त्या दिवशी चढवला.

"मी सोड म्हणत नाई तोवर पाय काढायचा नाई! जीव गेला तरी काढायचा नाई! समजलं काय?"

वंदनाने पाय परत पेडलवर ठेवला. तिच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या. भागवतला वाईट वाटलं, पण माफी मागायलाही वेळ नव्हता.

ते चाक झालं. भागवत मागच्या उजव्या चाकाखाली गेला. तिथलं निपल गंजून बसलेलं. हातोडीने ठोकून ठोकून त्याने ते मोकळं केलं. पाचेक मिनिटं नुसती ठोकाठोक.

मग नळी लावली.

"दाब!"

उत्तर आलं नाही.

"दाब ना वंदना!"

पुन्हा शांतता... गावात कुठेच काही आवाज नव्हता. चिमण्याही नव्हत्या.

मग पेडलची स्प्रिंग वाजली.

कर्र...

भागवतने निपल सैल केलं. ऑइल अशा जोराने आलं की नळी निसटून त्याच्या हातावर सांडलं. आवळलं. म्हणाला, "सोड."

पेडल सावकाश वर आलं.

रागावली, त्याला वाटलं. बोलत नाही म्हणजे रागावलीच असणार. वंदनाचं तसंच आहे. चिडली की भांडत नाही, मुकाट काम करते. त्यात वावगं काही वाटलं नाही.

पण काम कसं छान होऊ लागलं. दाब म्हटलं की दाबलेलं, सोड म्हटलं की सुटलेलं. ना घाई, ना ढिलाई. जणू वर्षानुवर्षं गॅरेजात काढलेलं माणूस.

एकच गोष्ट त्याच्या मनात अर्धवट आली आणि गेली.

बांगड्या वाजत नव्हत्या.

तो पुढच्या डाव्या चाकाखाली गेला. नळी लावली, पाना धरला, आणि दाब म्हणायला तोंड उघडलं...

कर्र...

त्याच्या आधीच पेडल दाबलं गेलं होतं.

"आता कसं जमलं!" तो खालूनच म्हणाला. घामाने डोळे चुरचुरत होते. जॅकवर चढवलेली गाडी ड्रायव्हरच्या बाजूला जरा जास्तच कलली होती. वंदना अंगाने बारीक. तरी तो कलंडलेला पत्रा पाहून त्याला काही सुचलं नाही. सुचायला डोकं ठिकाणावर पाहिजे ना.

आता शेवटचं चाक. पुढचं उजवं. हे अगदी ड्रायव्हरच्या दाराला लागून. भागवत तिथे उकिडवा बसला. मान वळवली की समोर बंद दार, आणि काचेवर टॉवेल.

टॉवेल उन्हात वाळून कडक झाला होता. सगळा वाळला होता...

फक्त मधोमध तळहाताएवढा एक डाग ओला होता. माणसाचं तोंड जिथे येईल तिथे.

आणि तो डाग आत ओढला जात होता. बाहेर येत होता. आत... बाहेर...

वारा अजिबात नव्हता.

भागवतला वाटलं, उकाड्याने जीव चाललाय बिचारीचा. त्याला एकदम भरून आलं. आपण काय बोललो तिला! तो टॉवेलकडे पाहून म्हणाला, "रागावली काय वं? माह्यं डोक्स फिरलं व्हतं. बाबाकडे पाह्यून काईच सुचून नाई राह्यलं. मनावर नको घेऊ."

आतून उत्तर आलं नाही.

पण पेडल हळूच दोनदा दाबलं गेलं. एखाद्याने मान हलवून हो म्हणावं तसं. भागवतला त्या सगळ्या धबडग्यात क्षणभर हसू आलं. तो सांगतो, त्या दिवसभरात त्याला बरं वाटलं ते तेवढंच.

चौथं चाक झालं. जॅक काढला. गाडी जमिनीवर आली. आता फक्त एकदा सगळं जोराने दाबून धरायचं आणि कुठून गळतं का ते पाहायचं.

"आता पुरा जोर लावून दाब," तो म्हणाला. "आन् धरून ठेव. मी सोड म्हणीन तवाच सोड."

पेडल दाबलं गेलं. इतक्या जोराने की सगळी गाडी खाली दबली.

भागवत बॅटरी घेऊन एकेका चाकाखाली वाकला. कोरडं. दुसरं कोरडं. तिसऱ्यापाशी पोचला तोच घरातून त्याच्या आईची किंकाळी आली. माझी मावशी, मनकर्णाबाई.

"भागवता! अरे धाव रे बापा! तुह्या बाबाले पाह्य काय झालं!"

हातातली बॅटरी तिथेच टाकून तो पळाला.

सोड म्हणायचं राहिलं.

आत काकांचे ओठ काळेनिळे पडले होते. मान मागे गेली होती. त्यांचं डोकं छातीशी धरून वंदना पदराने वारा घालत होती. भागवतने तिला पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं, पण डोक्यात काही शिरलं नाही. त्याने काकांना उचललं, वंदनाने पाय धरले, आणि दोघांनी त्यांना गाडीच्या मागच्या सीटवर घातलं. डोकं मांडीवर घेऊन वंदना मागेच बसली. मावशी दाराला धरून उभी.

भागवत ड्रायव्हरच्या सीटवर बसला. सीट ओलसर होती. थंड होती. मे महिन्यात, बंद गाडीत.

किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. पहिला गिअर टाकून क्लच सोडला.

गाडी गुरगुरली, आणि बंद पडली.

पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. हँडब्रेक पाहिला, तो खालीच होता. चाकापुढे दगड नव्हता. अॅक्सिलेटर दाबला तशी गाडी जागच्या जागी थरथरली, पण चाकं सुतभर हलली नाहीत. ब्रेक लागलेले होते. चारही चाकांना.

त्याने खाली पाहिलं.

त्याचा डावा पाय क्लचवर होता. उजवा अॅक्सिलेटरवर.

आणि मधलं ब्रेकचं पेडल... पूर्ण दाबलेलं होतं.

त्याने बुटाचं टोक पेडलखाली घालून वर उचलायचा प्रयत्न केला. हाताने ओढलं. जरासुद्धा हललं नाही. वरून कुणीतरी सगळं वजन टाकून उभं असावं तसं.

मागून काकांच्या घशातली घरघर ऐकू येत होती.

"वंदना," तो म्हणाला, "तू पाय काढला नाई काय?"

"कुठचा पाय?"

"अवं पेडलवरचा! मी सोड म्हणलो नाई, मंग तू उठली कशी?"

वंदना रडतच म्हणाली, "म्या? मी तं केव्हाचीच उठली. तुम्ही ते हातोडीनं ठोकून राह्यले व्हते तवाच. आईनं बलावलं, मी तुम्हाले आवाज देऊन गेली. तवापासून बाबापाशीच हाये मी!"

भागवत सांगतो, त्या क्षणी त्याला घाम यायचा थांबला.

हातोडी त्याने दुसऱ्या चाकाला मारली होती. दुसरं, तिसरं, चौथं... तीन चाकं. मग त्या तीन चाकांना पेडल कुणी दाबलं? आपण माफी मागितली ती कुणाची?

आणि आत्ता आपण बसलोय ते कुणाच्या...

पुढचा विचार त्याने केला नाही. करता आला नाही. तो हळूच म्हणाला, "सोड."

काही झालं नाही.

"सोड! मी म्हणून राह्यलो ना, सोड!"

पेडल तसंच.

मागून वंदना ओरडली, "अहो, बाबा श्वास घेऊन नाई राह्यले!"

तेव्हा भागवत कोसळला. स्टिअरिंगवर डोकं आपटून घेतलं आणि जे तोंडाला येईल ते बोलत सुटला. "हात जोडतो. पाया पडतो तुह्या. माह्या बापाले जाऊ दे. तुले काय पाह्यजे ते घे. काई बी घे. देईन मी. नवस समज. पन सोड..."



मग पेडल वर येऊ लागलं. अगदी सावकाश, खूप वेळ आखडलेला पाय कुणीतरी दमून उचलावा तसं.

भागवतने गाडी काढली. घाट कसा चढला ते त्याला आठवत नाही. अर्ध्या रस्त्यात वंदनाने सांगितलं, श्वास चालू झाला. साडेतीनला ते दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर हाती काही लागलं नसतं.

काका वाचले.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती.

चार दिवसांनी गोकुळ मिस्त्री येऊन गाडी पाहून गेला. दोन-तीनदा पेडल दाबून म्हणाला, "हवा कोणं काढली बे? एक नंबर काम हाय. संग पक्का मिस्त्री व्हता वाट्टे."

मग भागवतने देऊळगाव राजाला हिंमतरावांना फोन लावला. गाडीत आधी कुणी गेलंय का, काही अपघात, काही घडलंय का. हिंमतराव आधी हसण्यावारी न्यायला लागले. माझ्याआधी चार मालक झाले, मला काय ठाऊक, असं. मग मध्येच थांबले.

"गाडीचं काम केलं का तुम्ही? एकट्यानं?"

"हाव."

फोन कट झाला. तो नंबर त्यानंतर एकदाही लागला नाही.

मावशीला त्याने आठ दिवसांनी सांगितलं. पेडलचं ऐकून ती घाबरली नाही. म्हणाली, असतं काही काही. पण नवसाचं ऐकलं तेव्हा तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"कोन्या देवाले बोलला?"

"देव नव्हता व माय. जे कोणी बसलं व्हतं त्याले."

"आन् काय देतो म्हतलं?"

"काय पाह्यजे ते."

मावशी आहे तिथे खाली बसली. "असं बोलते काय कोणी? अरे नारळ म्हणावं, साडीचोळी म्हणावं, कोंबडं म्हणावं. नवस नाव घेऊन बोलते रे बापा, वस्तू सांगून बोलते. म्हंजे फेडता येते. तू तं सारं घरच उघडं टाकून आला!"

त्यानंतर मावशीने काय काय केलं नाही! गावातल्या देवीची ओटी भरली. देऊळगावच्या बालाजीपुढे नारळ फोडला. गाडीच्या चारही चाकांपुढे दहीभात ठेवला. पण कशाने फिटलं आणि कशाने नाही, हे सांगणार कोण? ज्याला बोललं त्याचं नाव माहीत नाही. त्याला काय हवं ते माहीत नाही.

गाडी विकून टाक, हे ऐकताना मी म्हणालो. तो म्हणाला, "विकली तं सोमवारी बाबाले कायच्यात नेऊ? आन् विकल्यानं माह्या तोंडातले शब्द वापस येतीन काय?"



पोळ्यानंतरचा एक गुरुवार. डायलिसिस आटोपून भागवत आणि काका दोघंच घाट उतरत होते. दिवस मावळत होता. काका मागे डोळे मिटून पडलेले. वळणावर समोरून ट्रक आला, आणि भागवतने ब्रेकवर पाय मारला.

पायाखाली पेडल लागलं नाही.

पायाखाली पाय होता.

त्याच्या बुटाखाली दुसरा एक पाय. अनवाणी. बोटं, हाडं, सगळं त्याला तळव्याला जाणवलं. तो पाय पेडलवर ठेवलेला होता, आणि त्यावर भागवतचा बूट. समोर ट्रक, डाव्या हाताला दरी, मागे बाप. काय करणार? त्याने दाबलं. सगळं बळ लावून दाबलं. बुटाखाली काहीतरी कडकन वाजलं.

गाडी थांबली. ट्रक निघून गेला.

भागवत स्टिअरिंग धरून बसला होता. तेव्हा मागून काका बोलले. डोळे मिटलेलेच होते. आवाज एकदम शांत, घरातल्या कुणाबद्दल बोलावं तसा.

"हळू दाबत जा बापा. लागते तिले."

ती कोण, हे भागवतने तेव्हा विचारलं नाही. नंतर विचारलं तर काकांना काहीच आठवत नव्हतं.

हे सगळं त्याने मला मागच्या महिन्यात सांगितलं, बुलढाण्याला, दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसून. मी बुलढाण्यातच नोकरीला आहे, काकांसाठी कधी डबा घेऊन जातो. भागवत वाळून निम्मा झालाय. वंदना माहेरी आहे, त्यानेच पाठवलंय. म्हणतो, काय घेईल सांगता येत नाही, तर घरात जेवढं कमी तेवढं बरं.

सात वाजता काकांचं डायलिसिस आटोपलं. भागवत उठता उठता म्हणाला, "तू चाल ना आज माह्या संग. पुढच्या सीटवर बस. घाट उतरू लाग फक्त. खाली मोताळ्याले सोडतो तुले, एसटीनं वापस ये."

त्याने याआधी कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

मी म्हणालो, "आज मले जमत नाई रे. नाइट ड्युटी हाय."

ड्युटी नव्हती.

 तो काकांना धरून गेटकडे निघाला. मी डब्याची पिशवी घेऊन मागे उभा होतो. गाडी रस्त्याच्या कडेला, तिची मागची बाजू माझ्याकडे. भागवतने डावीकडचं मागचं दार उघडलं, वाकून काकांना आत बसवू लागला. त्याचे दोन्ही हात काकांच्या काखेत. दोन्ही पाय रस्त्यावर. मला नीट दिसत होतं.

ड्रायव्हरचं दार बंद होतं. पुढे कुणी नव्हतं.

आणि गाडीच्या मागचे दोन्ही लाल दिवे लागलेले होते... ब्रेक दाबल्यावर लागतात ते.

भागवतने काकांचं दार लावलं. वळसा घालून पुढे आला. दिव्यांकडे त्याचं लक्ष होतं, पण तो दचकला नाही. त्याने ड्रायव्हरचं दार उघडलं, एक हात टपावर ठेवला, मान आत घातली आणि एकच काहीतरी म्हणाला. ऐकू आलं नाही, ओठ हलताना दिसले.

लाल दिवे विझले.

मग तो आत बसला, आणि गाडी घाटाच्या दिशेने निघून गेली.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो. येतो काय, एवढंच विचारतो. मी काहीतरी कारण सांगतो. कारणंही आता संपत आलीत.

काल गुरुवार होता. सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी टेबलावर तसाच ठेवला. वाजून वाजून बंद झाला, मग पुन्हा वाजला. मी उचलला नाही.

आता सकाळचे अकरा वाजलेत. मी अजून उलटा फोन लावलेला नाही.